थोरलीच्या दोन टाक्या

आप्पांना खिडक्या पाठ होत्या. दुसऱ्यांना पाढे पाठ असतात, कोणाला गाण्याची कडवी, तशी आप्पांना लोकांच्या घरांच्या खिडक्यांची मापं. चाळीस वर्षं काचा कापून बसवल्या होत्या, आणि एकदा घेतलेलं माप त्यांच्या डोक्यातून पुन्हा बाहेर जात नसे. रस्त्याने जाताना हातही न दाखवता नुसती हनुवटी उचलून म्हणायचे, "बावीस बाय छत्तीस, वर दोन सूत कमी, चौकट बसलीय." आठ सुतांचा एक इंच, हे सुनेला त्या घरात आल्यावर कळलं. त्याआधी, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, सासरे येता-जाता आकडे पुटपुटतात म्हणजे नक्की जुगाराचा नाद असणार, असा तिचा पक्का समज झाला होता. तिने तो नवऱ्याला सांगितला, नवऱ्याने आप्पांना सांगितला, आणि आप्पा त्यावर पुढची पाच वर्षं हसत होते.

काचा न्यायला त्यांची जुनी पिकअप होती. ती घरात आली आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, म्हणून तिचं नाव थोरली. मुलगा मोठा होऊन प्लंबर झाला, त्याला स्वतःची बायको आली, तरी घरातला मान थोरलीचाच पहिला. तिला डिझेलच्या दोन टाक्या होत्या, एक पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, दुसरी मागे. डॅशबोर्डवर एक खटका होता. तो वर केला की इंजिन पुढच्या टाकीतून पिणार, खाली केला की मागच्या. किती उरलंय ते दाखवणारा काटा कधीच मेला होता, आणि आप्पांनी तो दुरुस्त केला नाही, कारण त्यांना लागत नव्हता. पुढची टाकी एकदा भरली की बारा दिवस पुरते, हा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. मागची नेहमी भरलेली ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. मागची अडीअडचणीला, हा नियम.

तर ही थोरली पंधरा दिवसांत तीनदा रस्त्यात बंद पडली.

पहिल्यांदा भर चौकात, मागे सहा काचा उभ्या असताना. मुलगा काम टाकून धावत गेला. पुढची टाकी कोरडी ठणठणीत. मागचं झाकण उघडलं तर डिझेल तोंडापर्यंत, आणि बाहेर ओघळून पत्र्यावर काळा डाग पडलेला. डिझेलचं इंजिन एकदा कोरडं पडलं की नळ्यांत हवा शिरते. नुसता खटका बदलून भागत नाही, हातपंपाने ती हवा काढत बसावं लागतं. मुलाने अर्धा तास हात काळे केले आणि मग हसून म्हणाला, आप्पा, पुढच्याऐवजी मागची भरलीत. आप्पा म्हणाले, पुढचीच भरली. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मुलगा हसला नाही. तिसऱ्यांदा थोरली शाळेजवळच्या चढावर, सुटीच्या वेळी बंद पडली आणि ब्रेक लागेपर्यंत हातभर मागे घरंगळली. कोणाला काही झालं नाही. एक काच फुटली, तिचा आवाज मात्र सगळ्या पोरांनी ऐकला.

त्या संध्याकाळी मुलाने किल्ली मागितली नाही. तो नुसता आप्पांसमोर बसला. आप्पांनीच किल्ली काढून टेबलावर ठेवली. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. मुलाने ती वॉशरच्या डब्यात टाकली, डबा फळीवर ठेवला. त्या वेळी सून भाजी चिरत होती, आणि तिने मान वर केली नाही. तिलाही ते बरोबरच वाटलं होतं, ही गोष्ट पुढे तिला फार टोचली.

सून रुग्णालयात नर्स होती. म्हातारपणी माणसं कशी विसरायला लागतात ते तिने रोज पाहिलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तिने चहा देता देता विचारलं, आप्पा, आज वार कोणता हो, मला गडबडीत कळतच नाही. मग जरा वेळाने, शंभरातून सात गेले की किती उरतात, त्यातून आणखी सात. आप्पांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं पार दोनपर्यंत नेऊन पोचवलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई, वार मंगळवार. आणि आता मला तीन वस्तूंची नावं सांगशील, पाच मिनिटांनी विचारशील. त्याही सांग." तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

परीक्षेत ते शंभर टक्के पास झाले होते, पण स्वतःच्या मनात नापास. हे तिला पुढच्या दोन आठवड्यांत दिसत गेलं. ते खिडक्यांची मापं सांगेनासे झाले. बाजारात तिच्याबरोबर पायी जाताना हनुवटी जागची हलायची नाही. छोट्या काचा सायकलवर बांधून नेत, मोठी कामं दुसऱ्याला देत. तिच्या वॉर्डातल्या मावशींच्या घरी न्हाणीघराची एक वीतभर काच बसवायची होती. मावशी म्हणाल्या, तुझे सासरे फारच बारकाईने काम करतात बाई, तीनदा मोजून गेले, आणि कापायच्या आधी चौथ्यांदा आले. मावशींनी कौतुकाने सांगितलं. सुनेला मात्र ते कौतुक वाटलं नाही. आप्पांनी जन्मात कुठलीच खिडकी दोनदा मोजली नव्हती.

मग कपडे धुताना शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली. काच गुंडाळायच्या कागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलने: सोमवार. पुढची भरली. झाकण मी लावलं. पुढचीच. खरंच. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. कोपऱ्यात तारीखही होती, शाळेच्या चढावरच्या प्रसंगाच्या चार दिवस आधीची. म्हणजे दुसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर हा माणूस स्वतःवर पाळत ठेवू लागला होता, आणि कोणाला सांगत नव्हता. सांगून काय उपयोग होता? घरातले तिघेही एका बाजूला होते, आप्पा धरून.

नर्सचा एक स्वभाव असतो. कोण काय म्हणालं त्यापेक्षा वेळच्या वेळी काय लिहिलं गेलं, ते खरं. त्या चिठ्ठीवर तिचा विश्वास बसला. आणि ती खरी असेल तर पुढच्या टाकीत घातलेलं डिझेल चार दिवसांत गेलं कुठे, हा प्रश्न उरत होता.

दुसऱ्या दिवशी तिची सुटी होती. नवरा नव्या इमारतीवर कामाला गेला, तशी तिने वॉशरच्या डब्यात हात घालून किल्ली काढली आणि आप्पांपुढे धरली. थोरली चालू करायची, कुठेही जायचं नाही, अंगणातच उभी ठेवायची, असं तिने सांगितलं. आप्पांनी किल्लीला हात लावला नाही. झालं गेलं, गाडीचा काही दोष नाही, कशाला उगीच, असं काहीबाही बोलत राहिले. तिने चिठ्ठी दाखवली. आप्पा इतके लाजले, की जणू कोणाला लिहिलेलं प्रेमपत्रच सापडलं होतं.

"मी यावर विश्वास ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही ठेवता का?"

आप्पा उठले.

पुढची टाकी कोरडीच होती, म्हणून आधी मागच्या टाकीतून डिझेल काढून पुढे घालायचं ठरलं. आप्पा नळी तोंडाने ओढायला निघाले तेव्हा तिने त्यांच्या हातातून ती हिसकावून घेतली आणि रुग्णालयातली मोठी सिरिंज लावून ओढली. तीन कॅन भरून पुढच्या टाकीत गेले. मग चौकटीची एक लाकडी पट्टी दोन्ही टाक्यांत बुडवून, ओल्या खुणेवर पेन्सिलने रेघ मारली. हवा काढायला आप्पांनी हातपंप मारला, खटका वर, म्हणजे पुढच्यावर केला, आणि थोरली दोनदा खोकून सुरू झाली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून आप्पांनी बॉनेटवर थाप मारली, आणि मग सुनेने पाहिलं का म्हणून हळूच बघितलं.

तासभर ती अंगणात नुसती धडधडत उभी होती. शेजारच्यांनी एकदा डोकावून पाहिलं. तासाने पट्टी पुढच्या टाकीत बुडवली तर पातळी उतरली होती, उभ्या गाडीच्या मानाने जरा फारच. मग तिने मागची बघितली. मागच्या टाकीतून इंजिन काही पीत नव्हतं, तिथली रेघ जागच्या जागी असायला हवी होती. आप्पांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"सहा सूत वाढलंय," ते म्हणाले. आणि लगेच, "थांब, मी चुकलो असेन, तू बघ."

तिने पाहिलं. सहा सूत वाढलं होतं. तिने मागच्या टाकीच्या तोंडाला कान लावला. इंजिनाच्या आवाजाखाली, आत, बारीक धार पडत होती. सलाइन चालू असताना शांत खोलीत येतो त्याहून जरा मोठा आवाज. तिने आप्पांना वाकायला लावलं. दोघंही त्या भोकाला आळीपाळीने कान लावून ऐकत राहिली. शेजारच्यांनी दुसऱ्यांदा डोकावून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

आप्पांना इंजिन कळत होतं, म्हणून पुढचं त्यांनीच सांगितलं. डिझेलचा पंप लागतं त्याहून जास्त ओढतो. उरलेलं परतीच्या नळीने माघारी पाठवतो, आणि ते ज्या टाकीतून आलं त्याच टाकीत पडायला हवं. प्रत्येक टाकीच्या दोन नळ्या, एक जायची, एक परतीची. चारही नळ्या गाडीखाली एका तळहाताएवढ्या व्हॉल्वला येऊन मिळतात, आणि खटका त्या व्हॉल्वला सांगतो की आता कोणाची पाळी. म्हणजे ओढलं जात होतं पुढच्यातून आणि परत पडत होतं मागच्यात. बारा दिवसांचं डिझेल चार दिवसांत संपत होतं. भरलेली मागची टाकी आणखी भरून बाहेर सांडत होती, आणि सगळं जग म्हणत होतं, आप्पांनी चुकीची टाकी भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासीसुद्धा स्वतःच फास गळ्यात घालून बसलेला.

सून जुनी चादर पसरून गाडीखाली शिरली. वॉर्डात एका रुग्णाला चार-चार नळ्या असतात, तिथे तिला पहिल्याच वर्षी शिकवलेलं, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं, पण विश्वास ठेवायचा तो बोटावर. बाटलीपासून शिरेपर्यंत नळीवरून बोट फिरवायचं आणि मध्ये उचलायचं नाही. तिने तसंच बोट फिरवलं. पुढच्या टाकीची जायची नळी, व्हॉल्वपर्यंत, ठीक. मागच्या टाकीची जायची, ठीक. या दोन्ही जुन्या, धुळीने माखलेल्या होत्या. परतीच्या दोन मात्र नव्या कोऱ्या, काळ्या कुळकुळीत. तिने व्हॉल्वच्या पुढच्या तोंडापाशी बोट ठेवलं आणि ते सरकत सरकत मागच्या टाकीला जाऊन टेकलं. दुसरीवर ठेवलं, ते पुढच्या टाकीला गेलं.

अदलाबदल झाली होती. आणि दोन्ही जोडांवर पांढरी टेप होती, एकावर एक, कडा जुळवून, अगदी नीट गुंडाळलेली. डिझेलच्या नळीला ती टेप लागत नाही, गॅरेजवाला कधी लावणार नाही. ती पाण्याच्या नळाला लावतात. त्या टेपच्या कडा कोण अशा जुळवतं, ते तिला माहीत होतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक नळाला तशीच होती.

परतीच्या नळ्या कडक होऊन तडकल्या, तेव्हा नवऱ्याने एका रविवारी बसून त्या बदलल्या होत्या. आप्पांना परस्पर काम करून चकित करायचं, म्हणून त्यांना बाहेर पाठवून. त्याला आता महिना होऊन गेला होता.

ती गाडीखालून बाहेर आली आणि आप्पांना सांगितलं. आप्पांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते तिला जन्मभर विसरता आलं नसतं. ते पायरीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि हळूच म्हणाले, म्हणजे मी पुढचीच भरत होतो. ती म्हणाली, हो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि ती पुन्हा हो म्हणाली. तिने त्यांची माफी मागितली, सरळ शब्दांत. भाजी चिरताना मान वर केली नाही त्याची, आणि शंभरातून सात वजा करायला लावल्याचीसुद्धा. आप्पांनी ती हाताने उडवून लावली.

मग त्यांना टेपची गोष्ट उमगली, आणि चेहरा उतरला.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "आपण गुपचूप बदलू. व्हॉल्व अडकला होता म्हणू. गाडीचं वय झालंय, कोणालाही पटेल."

तिला रागच आला. महिनाभर हा माणूस स्वतःला म्हातारचळ लागला म्हणून झुरला, आणि आता सुटका झाली तर ती लपवायची? पण आप्पा आपलं म्हणणं सोडेनात. त्याची जोडणी कधी गळली नाही, सगळीकडे नाव आहे, बापाच्याच गाडीत चुकला हे त्याला कळलं तर खात राहील मनात. मला काय, एक विसराळूपणा नावावर राहिला तर राहिला. या वयात शोभतो. असं ते अगदी समजूतदारपणे सांगत होते, आणि तिला वाटत होतं की या माणसाला गदागदा हलवावं, नाहीतर मिठी मारावी.

दोन्हीपैकी एक करायच्या आत फाटक वाजलं. नवरा जेवायला आला होता. अंगणात थोरली, चादर, सिरिंज, डिझेलचे कॅन आणि पायरीवर बसलेले आप्पा पाहून तो जागीच थांबला.

"व्हॉल्व अडकलाय रे," आप्पा लगेच म्हणाले. "वय झालं गाडीचं."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने पट्टी पुढे केली, मागची टाकी तासात सहा सूत चढली एवढंच सांगितलं. नवरा चादरीवर आडवा झाला आणि आत सरकला. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. ते पाय बराच वेळ हलले नाहीत. आप्पांनी सुनेकडे असं पाहिलं, की बघ, सांगितलं होतं ना. ती उभीच राहिली.

"व्हॉल्व चांगला आहे, आप्पा," खालून आवाज आला. "मी उलट जोडलंय."

मग तो खालूनच सांगत गेला, बाहेर यायचं धाडस नसल्यासारखा. त्या रविवारी तो मागच्या बाजूने गाडीखाली शिरला होता. नळ्या सोडताना तळहातावर पेनाने लिहून घेतलं, डावी पुढची, उजवी मागची. सगळं सोडून झालं आणि जेवायला हाक आली. जेवून आला तो पुढच्या बाजूने शिरला. डोकं फिरलं, डावं-उजवं फिरलं, तळहातावरचं मात्र तसंच राहिलं. बेसिनखाली वीस वर्षं उताणं पडून काम केलेल्या माणसाला असं व्हायला नको होतं.

"हाक मी मारली होती," सून म्हणाली. चुकीतला आपला वाटा घेतला तर ओझं जरा हलकं होईल, असं तिला वाटलं.

"आप्पा, पाना द्या," तो म्हणाला. आवाज बरा नव्हता. आप्पांनी डब्यातून न बघता नेमका तो पाना उचलला आणि वाकून त्याच्या हातात दिला. पाना घेताना त्याने आप्पांचं मनगट धरलं, जरा वेळ धरूनच ठेवलं. "मी तुमची किल्ली काढून घेतली," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, मीच ठेवली होती, आणि आता लवकर कर, ऊन चढतंय.

दहा मिनिटांत नळ्या जागच्या जागी गेल्या. नवऱ्याने पुन्हा पांढरी टेप गुंडाळली, कडा जुळवून. सवय ती. पुन्हा अर्धा तास गाडी चालू ठेवली, मागची रेघ जागची हलली नाही, कान लावला तर आत चिडीचूप. मग तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसली, आप्पा गाडी चालवायला, सून मध्ये, नवरा दाराकडे. रस्त्यावर घालून बघितल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणायचं नसतं, असं आप्पांचं म्हणणं. जेवण मागे राहिलं.

शाळेचा चढ थोरली न अडखळता चढली. नवरा बाहेर बघत होता. बघता बघता त्याने कोपऱ्यावरच्या घराकडे हनुवटी उचलली.

"त्यांची वरची खिडकी किती आहे हो, आप्पा?"

आप्पांनी त्या घराकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. सुनेला वाटलं, नाही येणार आता, गेलं ते. तिने पाय घट्ट दाबून धरले.

"सोळा बाय चाळीस," आप्पा म्हणाले. "उजवीकडे एक सूत जास्त."

त्यापुढच्या घराची विचारावी लागली नाही. मग त्यापुढची, मग दवाखान्याच्या सगळ्या, मग ज्या घराच्या खिडक्या त्या घराच्या मालकालाही माहीत नसतील त्या. आप्पा गाडी हळू चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि या पठ्ठ्याची मापं संपत नव्हती. सुनेने दोनदा डोळे पुसले आणि डिझेलचा वास झोंबतोय म्हणाली.

घराच्या गल्लीत वळल्यावर नवऱ्याने विचारलं, "आणि आपल्या स्वयंपाकघराची?"

"चौदा बाय वीस. ती सहा वेळा कापलीय."

"सहा? आई म्हणायची, त्या खिडकीला वारा फार लागतो."

"तुझ्या आईला वारा मी सांगायचो," आप्पा म्हणाले, आणि गाडी अंगणात घ्यायला त्यांनी गिअर टाकला. "पाच वेळा तुझा चेंडू होता. सहाव्यांदा खरंच वाऱ्याने फुटली, तर म्हणाली, पुरे झालं, किती पाठीशी घालाल त्याला."